एका यंत्रात अनेक यंत्रे

मेहरूण हे पूर्वी जळगावशेजारचे गाव. आज ते शहरातच मिळून गेले आहे. तलाव आणि बोरे यांनी त्याचे नाव राखले आहे, एवढेच. समजा, तिथल्या एखाद्या शाळेला एक दणकट संगणक, म्हणजे सर्व्हर, देणगीदाखल मिळाला. हेडमास्तरांना त्यावर निकालपत्रके ठेवायची आहेत, वाचनालयाला पुस्तकांची नोंद हवी आहे आणि मुलांना लिनक्स शिकायचे आहे. सारे एकत्र ठेवले, तर मुलांच्या एका खोडीपायी निकालपत्रके गडप व्हायची! तीन यंत्रे घ्यावीत, तर पैसा कुठला?

याला तोड आहे. ती समजायला पांझरेवरच्या फडबागायतीकडे पाहा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. तिथे शेतकरी स्वतः पाणी घेत नाही. पाळीपाळीने पाटकरी देतो. संगणकातले पाणी म्हणजे प्रोसेसरचा वेळ, मेमरी आणि डिस्कवरची जागा. एरवी हे सारे विंडोज किंवा लिनक्स या कार्यप्रणालीच्या ताब्यात असते.

आता विंडोजच्या आत एक प्रोग्राम चालवून त्यात दुसरा, नकली संगणक उभा करता येतो. पण मग पाटकरी एका बागायतदाराच्या घरचा गडी झाला. मालकाचे शेत आधी भिजणार, आणि मालक आजारी पडला की सगळ्यांचेच पाणी बंद.

दुसरी रीत अशी, की नेहमीची कार्यप्रणाली आधी घालायचीच नाही. कोऱ्या यंत्रावर थेट पाटकरीच नेमायचा. त्याला हायपरव्हायझर म्हणतात. कार्यप्रणालीच्या गाभ्याला पूर्वी सुपरव्हायझर म्हणत. त्याच्याही वरचा, म्हणून हे नाव. तो एका यंत्राची तीन यंत्रे करतो आणि प्रत्येकात वेगळी कार्यप्रणाली नांदते. मेमरीची आणि डिस्कची वाटणी बहुधा शेताच्या बांधासारखी ठरलेली असते, प्रोसेसरच्या वेळेची मात्र पाळी, आणि तीही क्षणाच्या बारीक तुकड्यांची. गंमत अशी, की प्रत्येकीला वाटते, बंधारा आपल्याच मालकीचा! तिने बंधाऱ्याला हात घालणारा हुकूम सोडला, की प्रोसेसर तो अडवतो आणि पाटकऱ्याच्या हवाली करतो. घरगुती संगणकांच्या जातीच्या प्रोसेसरांत ही सोय इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये आणली.

कल्पना मात्र जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज केंद्रात 1964 मध्ये तिच्यावर काम सुरू झाले आणि 1972 मध्ये व्हीएम/370 बाजारात आले. व्हीएमवेअरचे ईएसएक्स 2001 चे, इंग्लंडातल्या केंब्रिजचे झेन 2003 चे. पुढे लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम आले, त्यामुळे वरच्या दोन रीतींतला बांध जरा पुसट झाला. प्रॉक्समॉक्स हे त्यावरच उभे आहे, आणि ते फुकट वापरता येते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि लगेच कायमचे परवाने विकणे थांबवून मुदतीच्या वर्गणीची रीत लावली. त्यामुळे शाळेने फुकटाचीच वाट धरावी, असे माझे मत.

पण गुरुजी, घाई नको. असे यंत्र चालू केले, की पडद्यावर विंडोजसारखी चित्रे दिसत नाहीत. एखादा पत्ता आणि चार ओळी दिसतात. कारभार शेजारच्या दुसऱ्या संगणकावरून करावा लागतो. मेमरी 8 जीबीच असेल, तर तिघांची पोटे भरणार नाहीत. 32 जीबी असेल तर निभते. शाळेत एकच साधा संगणक असेल, तर या भानगडीत पडूच नये.

आणि खरा धोका हा, की बंधारा एकच आहे. डिस्क गेली, की निकालपत्रके, ग्रंथनोंद आणि मुलांचे लिनक्स एकदमच जाणार. वीज अचानक गेली, तर तिन्ही यंत्रे एकदम कोसळतात. म्हणून आधी बॅटरीचा यूपीएस घ्या. निकालपत्रकांची प्रत आठवड्याला वेगळ्या डिस्कवर काढा, ती डिस्क दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, आणि सहामाहीला एकदा त्या प्रतीवरून ते यंत्र पुन्हा उभे राहते की नाही, हे प्रत्यक्ष करून पाहा.