पार्माचे हॅम, डहाणूचा बोंबील

सुकवलेले अन्न म्हणजे अडीनडीचे, हलक्या प्रतीचे अन्न, हा समज खोटा आहे. इटलीतील पार्मा येथे डुकराच्या मांडीला केवळ समुद्री मीठ लावून ती वर्षभराहून अधिक काळ हवेवर मुरवतात आणि तिचे पातळ काप न शिजवताच खरबुजासोबत खातात. डहाणू-तलासरीच्या किनारपट्टीवर ताजे बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगतात. मिठाशिवायच ऊन आणि खारा वारा त्यांतले पाणी काढून घेतो. तत्त्व एकच: पाणी कमी झाले की जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि चव एकवटते.

वासाचा आक्षेप नेहमीचा. पण निखाऱ्यावर भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटलेला हाच बोंबील तांदळाच्या भाकरीची गोडी वाढवतो. स्वच्छतेचा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर वाळूपासून उंच वलांडी आणि माश्या रोखणारी जाळी हे आहे, सुकवणे सोडून देणे नव्हे. पार्माच्या हॅमला १९९६ पासून युरोपात, तर डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ पासून भारतात भौगोलिक नावाचे कायदेशीर संरक्षण आहे. सुक्या बोंबिलाकडेही त्याच आदराने पाहायला हवे.