आधी सरी, मग टायर

आजरा म्हटलं की घनसाळ भात आठवतो, पण हिरण्यकेशीच्या काठाने आणि चित्री धरणाच्या पाण्यावर इथला शेतकरी ऊसही तेवढ्याच जिद्दीने करतो. जनावरं आणि मजूर कमी झाल्यावर या उसाच्या भरणीला छोटा ट्रॅक्टर आला, आणि 'अरुंद सरीला कोणता टायर घ्यावा?' हा प्रश्नही आला. माझ्या मते हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. टायर बदलून सरीत जागा फारशी होत नाही. ती लागणीच्या दिवशीच ठरून जाते. टायरवरचे आकडेच हे सांगतात. 13.6-28 म्हणजे 13.6 इंच रुंदीचा, 28 इंची रिमवर बसणारा टायर. त्याऐवजी 12.4-28 घातला आणि दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर तेच ठेवलं, तर ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी कमी होते जेमतेम 3 सेंटीमीटर. तेवढ्याने उसाचे फुटवे वाचत नाहीत. खरा फरक पडतो तो चाकांमधल्या अंतराने, म्हणजे रिम उलटी बसवून किंवा मुळातच लहान ट्रॅक्टर घेऊन.

आता सरीचा हिशेब पाहा. 3 फुटी सरी म्हणजे 90 सेंटीमीटर. साधारण तेवढ्याच रुंदीचा मिनी ट्रॅक्टर त्यातून घालायचा म्हणजे दोन्ही अंगांना ऊस घासणार, हे उघड आहे. तिथे पॉवर टिलरच हवा. सरी 4 फुटी केली की प्रत्येक बाजूला सुमारे 15 सेंटीमीटर मोकळे मिळतात, आणि 8 इंची टायरचा मिनी ट्रॅक्टर त्यातून नीट चालतो. यावर हरकत येते की सरी रुंद केली तर ऊस कमी बसेल. हरकत रास्त आहे, म्हणूनच पट्टा पद्धतीचा विचार करावा: अडीच फुटांवर दोन ओळी, मग 5 फुटांचा पट्टा. 4 फुटी सरीत एकरी साधारण 3,370 मीटर ओळ बसते, पट्टा पद्धतीत जवळपास 3,600 मीटर. 3 फुटी सरीच्या 4,500 मीटरपेक्षा ही कमीच, पण मोकळ्या पट्ट्यातून ऊन आणि वारा आत येतो आणि ट्रॅक्टरला ऐसपैस वाट मिळते.

'मग मोठ्याच ट्रॅक्टरला बारीक टायर घातले तर?' असंही विचारलं जातं. दोन टनांचा भार लहान टायरवर आला की त्यात हवा जास्त भरावी लागते, आणि टायरचा जमिनीवरचा दाब साधारण त्याच्या हवेच्या दाबाइतकाच असतो. म्हणजे चाकोरी खोल जाते, माती दबते, नेमकी उसाच्या मुळांशेजारी. आजऱ्यात हे जास्त बोचतं, कारण सुरू उसाची मोठी भरणी मे-जूनच्या तोंडावर येते आणि वळीव किंवा मृग लागला की वाफसा मिळायला दिवस जातात. ओल्या जमिनीत हलका ट्रॅक्टर, उंच पण बारीक टायर आणि कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतली कमीत कमी हवा, हे गणित बसतं. नांगरटीसाठी ट्यूबमध्ये भरलेलं पाणी भरणीआधी काढून टाकावं. चारही चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरला फक्त मागचेच टायर वेगळ्या उंचीचे घालू नयेत. पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचं गुणोत्तर गिअरमध्ये पक्कं असतं. ते बिघडलं की टायर घासतात आणि गिअरवर ताण येतो.

एक धोका मात्र सरीच्या हिशेबात बसत नाही. चाकं जवळ आणली की ट्रॅक्टर उतारावर कलंडायची भीती वाढते, आणि आजऱ्याच्या डोंगरउताराच्या शेतांत हे बारकाईने पाहायलाच हवं. बांधाच्या कडेला, आडव्या उतारावर अरुंद ट्रॅक्टर नेऊ नये; तिथे टिलर किंवा बैलजोडीच बरी.