जुन्या फ्रीजचे होऊ शकते वाइनचे तळघर

नाशिकच्या सहलीहून परतताना वाइनच्या दोन-चार बाटल्या घेऊन येणे आता मुंबई-पुण्यातील अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. प्रश्न निर्माण होतो तो त्या घरी आणल्यावर. एखादी बाटली लगेच उघडली जाते. उरलेल्या 'खास प्रसंगासाठी' म्हणून स्वयंपाकघरातील माळ्यावर किंवा दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात जातात. मध्ये एक उन्हाळा सरतो. यथावकाश तो प्रसंग येतो, बाटली उघडली जाते आणि ताज्या फळांच्या गंधाऐवजी शिजवलेल्या मनुकांसारखा जड वास येतो. बोल मात्र वाइन बनविणाऱ्याला लावला जातो.

वाइन बाटलीत भरल्यानंतरही तिच्यातील रासायनिक क्रिया सुरूच असतात आणि तापमान वाढले की त्यांचा वेग वाढतो. दीर्घकाळ साठवणुकीसाठी साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते स्थिर असावे लागते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या खोलीत बाटलीतील द्रव प्रसरण-आकुंचन पावतो, बुचावर दाब येतो आणि हळूहळू हवा आत शिरू लागते. युरोपातील जुन्या घरांना जमिनीखालची तळघरे असल्याने तेथे ही अडचण आपोआप सुटली. सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेत तळघर आणायचे कोठून?

घरातील नेहमीचा फ्रीज हे त्याचे उत्तर नव्हे. त्यात तापमान ३ ते ५ अंशांच्या घरात असते. काही आठवडे बाटली तेथे राहिली तर बिघडत नाही. परंतु वर्ष-दोन वर्षांसाठी ती जागा फार थंड आणि कोरडी ठरते. वाइन पक्व होण्याची क्रिया जवळजवळ थांबते, बाहेरून बूच सुकू लागते. (तळाशी साखरेसारखे स्फटिक दिसले तर मात्र घाबरू नये, ते टार्टरिक आम्लाचे क्षार असून निरुपद्रवी असतात.) बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली बाटली तर हमखास दगा देते. साधी वाइन उणे ५ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि बूच तरी बाहेर येते किंवा काच तरी तडकते.

म्हणजे हवे आहे ते फ्रीजचेच यंत्र, पण १३ अंशांवर थांबणारे. फ्रीजच्या आतील थर्मोस्टॅटचे बटण इतक्या वर सहसा जातच नाही. यावरचा तोडगा अमेरिकेतील घरच्या घरी बीअर बनविणाऱ्या हौशी मंडळींत चांगलाच रुळलेला आहे. फ्रीजचा प्लग थेट भिंतीत न लावता मध्ये तापमान नियंत्रक बसवायचा. या छोट्या डिजिटल उपकरणाला तारेच्या टोकाशी एक सेन्सर असतो. तो फ्रीजच्या आत सोडायचा, फ्रीजचे स्वतःचे बटण सर्वाधिक थंडाव्यावर ठेवायचे आणि नियंत्रकावर १३ अंश ही मर्यादा ठरवायची. तापमान १४ वर गेले की नियंत्रक वीज जोडतो, १३ वर आले की तोडतो.

येथे एक पथ्य पाळावे लागते. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू झाला तर आतील वायूचा दाब समतोल झालेला नसतो, मोटारीवर ताण येतो आणि ती जळण्याची भीती असते. म्हणून नियंत्रकात किमान तीन ते पाच मिनिटांच्या विलंबाची सोय असायलाच हवी. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर दार उघडताच कॉम्प्रेसर धावू लागतो. तो एखाद्या बाटलीला चिकटपट्टीने बांधणे बरे. सेन्सरच्या तारेसाठी फ्रीजला भोक पाडणे मात्र कटाक्षाने टाळावे. अनेक फ्रीजच्या भिंतींत वायूच्या नळ्या असतात आणि अलीकडच्या फ्रीजमध्ये भरलेला आयसोब्युटेन हा वायू ज्वलनशील आहे. बारीक तार दाराच्या रबरी पट्टीखालून सहज आत जाते.

या कामासाठी सर्वांत योग्य ठरतो तो साधा, एका दाराचा जुना फ्रीज; भंगारवाला ज्याचे धड पैसेही द्यायला कुरकुरतो, तोच. १३ अंशांवर चालविताना त्याच्या बर्फाच्या कप्प्यावरील दव प्रत्येक विश्रांतीत वितळून जाते, त्यामुळे बर्फ साचत नाही आणि आत थोडा ओलावाही टिकतो. इलेक्ट्रॉनिक पट्टीवर चालणारे इन्व्हर्टर फ्रीज वारंवार वीज तोडण्यासाठी बनविलेले नसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. आडवा डीप फ्रीजर जागा भरपूर देतो. परंतु त्याच्या भिंतींवरून निथळणारे पाणी तळाशी साचते, लेबलांवर बुरशी धरते, शिवाय खालचा थर वरच्यापेक्षा बराच थंड राहतो. आत छोटा पंखा आणि आठवड्याला एकदा फडके, एवढी तयारी असेल तरच तो घ्यावा. घरात लहान मुले असतील तर त्याला कुलूप अनिवार्य समजावे.

भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. तीस बाटल्या म्हणजे चाळीस किलोंच्या जवळपास, हे ध्यानात घेऊन जाळ्या तपासाव्यात. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या राहिल्या तरी चालतात. दारात बाटल्या नकोत, कारण तेथे हिसकेही बसतात आणि गरम हवाही लागते.

बाजारात वाइनसाठी तयार छोटी शीतकपाटे मिळतात, मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्यांतील स्वस्त कपाटांत कॉम्प्रेसर नसून थर्मोइलेक्ट्रिक पट्टी असते. ती खोलीच्या तापमानापेक्षा साधारण दहा-पंधरा अंशच खाली जाऊ शकते. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असताना आत २५ अंश मिळणार असतील तर त्या कपाटाचा उपयोग शोभेपुरताच. जुना का असेना, कॉम्प्रेसर या उकाड्यात तगतो. विजेचेही फारसे भय नको. बाहेर ३० अंश असताना आत ४ ऐवजी १३ अंश राखायचे तर फ्रीजमध्ये शिरणारी उष्णता सुमारे एक तृतीयांशाने घटते. भरलेल्या फ्रीजमधील बाटल्या स्वतःच थंडावा धरून ठेवतात, त्यामुळे दोन-तीन तास वीज गेली तरी मोठा फरक पडत नाही.

अर्थात, वर्षाकाठी पाच-सहा बाटल्या घेणाऱ्याने या फंदात पडू नये. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनविलेल्या असतात. साठवून ठेवण्याजोग्या रेड वाइनचा ज्यांना नाद आहे, त्यांचेच हे काम. त्यांनीही १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि साठ्यावर मर्यादा आहे, हे विसरू नये. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी केलेली बरी. नियंत्रकाची जोडणी अर्थिंगसह माहितगार वायरमनकडूनच करून घ्यावी आणि पहिला आठवडाभर फ्रीजमध्ये वाइनऐवजी पाण्याच्या बाटल्या ठेवून, वरच्या व खालच्या जाळीवर एकेक थर्मामीटर लावून, रोज सकाळ-संध्याकाळ आकडे टिपून घ्यावेत.