जनुकांच्या नोंदींचे सार्वजनिक दप्तर

मानवी शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा संच एकच असतो. तथापि यकृताची पेशी व मेंदूची पेशी यांचे कार्य अगदी भिन्न असते. कोणते जनुक कोठे व किती प्रमाणात कार्यरत आहे, यावर हा भेद अवलंबून असतो. यासच जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. पेशीतील संदेशवाहक आर.एन.ए.च्या प्रमाणावरून तिचे मापन करण्यात येते. एकेका नमुन्यातून हजारो आकडे हाती येतात. ते छापील शोधनिबंधात मावणे शक्य नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राने २००० साली ‘जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस’ हे भांडार सुरू केले. संशोधकाने आपली आधारसामग्री तेथे विनामूल्य जमा करावयाची व मिळालेला नोंदणी क्रमांक निबंधात द्यावयाचा, अशी पद्धत आहे. निबंध प्रसिद्ध होईपर्यंत नोंद गुप्त ठेवता येते. पुढे ती कोणासही पाहता येते.

परंतु नुसते आकडे म्हणजे नावे नसलेले खतावणीचे पान होय. नमुना कोणत्या ऊतीचा, त्यावर कोणती प्रक्रिया केली, मूळ मापने कोणती, हे सांगितल्यावाचून त्यांचा उपयोग नाही. किमान कोणता तपशील द्यावा, याचे निकष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या काटेकोरपणाचे मोल ड्यूक विद्यापीठातील प्रकरणावरून ध्यानी येते. अर्बुदातील जनुक-अभिव्यक्तीवरून रुग्णास कोणते कर्करोगविरोधी औषध लागू पडेल हे सांगता येते, असे तेथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रतिपादन केले. ह्यूस्टन येथील कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी उपलब्ध आकड्यांवरून ते गणित पुन्हा मांडून पाहिले. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली होती; काही ठिकाणी तर औषधास दाद देणारे व न देणारे नमुने यांची अदलाबदल झालेली होती! अशा चुकीने रुग्णास नेमके निरुपयोगी औषध मिळण्याचा धोका होता, आणि रुग्णांवरील चाचण्या तर चालू झालेल्या होत्या. त्या २०१० मध्ये बंद करण्यात आल्या व २०११ मध्ये मूळ निबंध मागे घेण्यात आला. आकडे कुलुपबंद असते तर हा दोष बाहेरच्या कोणास सापडता ना.

रुग्णाची ओळख उघड करू शकेल अशी आनुवंशिक माहिती मात्र खुली ठेवीत नाहीत. ती पूर्वपरवानगीनेच मिळते. भारतात जैविक आधारसामग्रीच्या जतनासाठी फरीदाबाद येथे २०२२ मध्ये राष्ट्रीय केंद्राचे उद्घाटन झाले.