मेन लाइनवर चढलेली ट्राम

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फ्रान्सच्या सीमेजवळ, कार्ल्सरूह नावाचं शहर आहे. १७१५ मध्ये कार्ल विल्हेल्म या तिथल्या शासकाने ते वसवलं, तेही कर्कटकाने आखल्यासारखं. मधोमध राजवाड्याचा मनोरा आणि त्याच्यापासून चहूकडे फुटणारे ३२ रस्ते. उत्तरेकडचे रस्ते जंगलात शिरले, दक्षिणेकडच्यांवर शहर उभं राहिलं. चाकांशी या गावाचं जुनं नातं आहे. पायाने ढकलत चालवायची पहिली दुचाकी १८१७ मध्ये ज्यांनी रस्त्यावर आणली ते कार्ल फॉन ड्राइस इथले, आणि मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांचा जन्मही इथलाच. पण या शहरातल्या ज्या चाकाचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं, ते ट्रामचं आहे. २५ सप्टेंबर १९९२ रोजी हे चाक शहरातला रस्ता सोडून चक्क रेल्वेच्या मेन लाइनवर चढलं आणि ब्रेटेन नावाच्या गावी जाऊन पोचलं.

यात नवल कसलं, असं वाटणं साहजिक आहे. रूळ ते रूळच. त्यासाठी आधी अडचण काय होती ते पाहू.

कार्ल्सरूहचं जुनं रेल्वे स्टेशन शहराला अगदी खेटून होतं. गाड्या वाढल्या, फाटकं तासन्‌तास बंद राहू लागली, लोक वैतागले. १९१३ मध्ये स्टेशन उचलून दक्षिणेला नेलं, मुख्य चौकापासून सुमारे दोन किलोमीटर. फाटकांचा प्रश्न सुटला, पण नवा प्रश्न जन्माला आला. आसपासच्या गावांतून रेल्वेने येणाऱ्याला शहराच्या कडेला उतरून ट्राम धरावी लागे. दोनच किलोमीटर, पण त्यासाठी उतरा, चाला, वाट पाहा, पुन्हा चढा. दादरच्या पुलावरून पश्चिम रेल्वेची मध्य रेल्वे करणाऱ्याला यातली कटकट समजावून सांगायला नको. दादरच्या माणसाला दुसरा इलाज नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन माणसाकडे मात्र मोटार आली आणि तो स्टेशनाकडे फिरकेनासा झाला. कार्ल्सरूह ते ब्रेटेन हा मार्ग एकोणिसाव्या शतकातला. रूळ होते, स्टेशनं होती, पण ओव्हरहेड वायर नव्हती आणि प्रवासी आटत चालले होते.

अशा वेळी नियोजनकार साधारणपणे दोन गोष्टी सुचवतात. एक, नवी लाइन टाका. त्यासाठी जमीन हवी, पूल हवेत, पैसा हवा. दुसरी, रेल्वेगाडीच शहराच्या मध्यात आणा. पण दुकानांच्या रांगेतून, पायी चालणाऱ्यांच्या गर्दीतून अवजड गाडी नेणार कशी? शहराची ट्राम आणि आल्ब खोऱ्यातली छोटी रेल्वे या दोन्हींचा कारभार पाहणारे डीटर लुडविग यांनी प्रश्न उलटा केला. गाडी शहरात येत नसेल, तर ट्रामच रेल्वेवर का जाऊ नये?

त्यांच्याकडे याची थोडी पूर्वतयारी होती. आल्ब खोऱ्यातली रेल्वे मुळात मीटर गेज. १९५७ मध्ये नवी कंपनी काढून तिचे रूळ टप्प्याटप्प्याने शहरातल्या ट्रामच्या मापाचे, म्हणजे १,४३५ मिलिमीटरचे केले गेले आणि खोऱ्यातली गाडी थेट शहराच्या रस्त्यांवर येऊ लागली. १९७९ मध्ये नॉयरॉइटकडे जाणाऱ्या मालगाडीच्या रुळांवर ट्राम धावू लागली. पण ही सगळी आडवाटेची कामं होती. एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्या मधून, सरकारी रेल्वेच्या चालू मार्गावर ट्राम घालणं ही वेगळी गोष्ट. तिथे पहिला अडथळा विजेचा.

कार्ल्सरूहची ट्राम ७५० व्होल्ट डीसीवर चालते. जर्मन रेल्वेच्या तारेत असते १५,००० व्होल्ट एसी, तीही १६.७ हर्ट्झची. मुंबईकराला हा पेच ऐकून माहीत असेल. १९२५ पासून मुंबईची लोकल १,५०० व्होल्ट डीसीवर धावली. पुढे सगळं २५,००० व्होल्ट एसीवर न्यायचं ठरलं आणि ते काम पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य आणि हार्बरवर २०१६ मध्ये संपलं. मधल्या काळात दोन्ही वीज चालणारे रेक आणावे लागले. कार्ल्सरूहने हीच युक्ती ट्रामच्या पोटात बसवली. गाडीत ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर ठेवले. वरून १५,००० व्होल्ट आले की त्यांचे ७५० व्होल्ट डीसी करायचे आणि नेहमीच्याच ट्रामच्या मोटरींना द्यायचे. मोटरींना पत्ताही लागत नाही. दोन विजांची हद्द येते तिथे शंभराहून जास्त मीटरचा टापू मुद्दाम बिनविजेचा ठेवलेला आहे. गाडी आधीच्या वेगावर तो घरंगळत पार करते, पलीकडच्या तारेत कुठली वीज आहे हे तिची यंत्रणा स्वतः ओळखते आणि जोडणी बदलते.

वीज सुटली, तरी खरी गंमत खाली आहे, चाकापाशी.

ट्रामचा रूळ रस्त्यात पुरलेला असतो आणि त्याला लागून एक अरुंद खाच असते. चाकाची आतली कडा, जी गाडीला रुळावर धरून ठेवते, ती या खाचेतून फिरते. खाच रुंद ठेवली तर सायकलचं चाक तिच्यात अडकणार, म्हणून खाच चिंचोळी आणि साहजिकच ट्रामच्या चाकाची कडाही बारीक. रेल्वेच्या चाकाला असं बंधन नाही. त्याची कडा जाड आणि दणकट. बारीक कडेचं चाक रेल्वेच्या सरळ रुळावर बिनतक्रार पळेल. घोटाळा होतो सांध्यावर. एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे रुळात फट ठेवावीच लागते, नाहीतर कडा पलीकडे जाणार कशी? त्या फटीवर आलेलं चाक क्षणभर वाऱ्यावर असतं. ते भलत्या बाजूला जाऊ नये म्हणून समोरच्या रुळाच्या आत एक जादा रूळ बसवतात. तो समोरच्या चाकाची पाठ धरून ठेवतो आणि एकाच आसावरचं हे चाक त्यामुळे वाटेवर राहतं. आता कडा बारीक असेल तर चाकाची पाठ त्या जादा रुळाला टेकतच नाही. मधे काही मिलिमीटरची जागा राहते, आणि गाडी घसरायला तेवढी पुरते.

हजारो सांधे बदलणं अशक्य. रस्त्यावरची खाच रुंद करणंही अशक्य. मग चाकच असं घडवलं की त्याची कडा खाली, खाचेत जाणाऱ्या भागात, ट्रामसारखी बारीक, आणि रुळाच्या माथ्याच्या वर, चाकाच्या पाठीला, रेल्वेसारखी जाड. रस्त्यावर हा जाड भाग जमिनीच्या वर राहतो, कशाला अडत नाही. मेन लाइनच्या सांध्यांवर तो जादा रूळ थोडा उंच केला, म्हणजे तो बरोबर त्या जाड भागालाच टेकतो. दोन भिन्न कामांसाठी ठरलेली मापं एका लोखंडी चाकाच्या वर-खाली वाटून टाकली! या चाकाचा नकाशा पाहताना मला तरी एखाद्या भव्य पुलाच्या नकाशापेक्षा जास्त आनंद होतो.

तिसरा अडथळा टकरीचा. युरोपातल्या रेल्वेच्या डब्याने पुढून दीडशे टनांचा दाब सहन करावा असा दंडक होता. साध्या ट्रामला वीसेक टन पुरतात. दीडशे टन सोसणारी ट्राम बांधली तर ती ट्राम राहणारच नाही, इतकी जड होईल. वाटाघाटींनंतर साठ टनांवर तडजोड झाली, आणि त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. धडक सोसण्याची ताकद कमी असेल, तर धडक टाळण्याची ताकद जास्त ठेवा. ट्रामला चाकांच्या ब्रेकशिवाय थेट रुळावर चिकटणारे विजेचे लोहचुंबक असतात. ते खाली आले की गाडी मेन लाइनच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरात जागच्या जागी थांबते.

उरले कायदे. जर्मनीत रस्त्यावरच्या ट्रामचा कायदा वेगळा, रेल्वेचा वेगळा. म्हणून या गाडीला मोटारीसारखे उजवे-डावे ब्लिंकर आहेत आणि रेल्वेचे पुढचे दिवेही. चौकात वाजवायची घंटा आहे आणि रेल्वेचा भोंगाही. मोटरमनला दोन्हीकडचे सिग्नल आणि दोन्हीकडची नियमावली येते. फलाटांची उंची आणि रुंदीही दोन्हीकडे वेगळी, म्हणून दाराखाली बाहेर येणाऱ्या पायऱ्या. गाडीची रुंदी २.६५ मीटर, यापेक्षा रुंद केली तर शहरात मावणार नाही.

या सगळ्या खटाटोपानंतर नवे रूळ किती टाकावे लागले? ग्रोएत्सिंगेनजवळ ट्रामची लाइन आणि रेल्वेची लाइन जोडायला तीन किलोमीटरपेक्षा कमी. बाकी रूळ होतेच. ब्रेटेनपर्यंत तार ओढली, मधे नवे थांबे केले. हलकी गाडी झटकन वेग घेते आणि झटकन थांबते, त्यामुळे जास्त थांबे घेऊनही तिचा वेळ फारसा वाढत नाही. थांबा लोकांच्या घराजवळ आला आणि दुसरं टोक थेट बाजारपेठेत. काही आठवड्यांतच प्रवासी आधीच्या सुमारे चौपट झाले. त्यातला मोठा हिस्सा आधी मोटारीने जाणाऱ्यांचा होता, आणि कुठल्याही नियोजनकाराला विचारा, मोटारवाल्याला गाडीत बसवण्याइतकं अवघड काम दुसरं नाही.

मग एकेक गाव मागणी करू लागलं. १९९७ मध्ये एपिंगेन, १९९९ मध्ये हाइलब्रॉन. हाइलब्रॉनची स्वतःची ट्राम १९५५ मध्ये बंद पडली होती. मुंबईची आपण १९६४ मध्ये घालवली तशीच. २००१ मध्ये कार्ल्सरूहची ट्राम रेल्वेच्या वाटेने आली आणि हाइलब्रॉनच्या रस्त्यांवर उतरली. काही गाड्यांत खाण्यापिण्याचा कोपराही होता. ट्राममध्ये कॉफी घेत शेतं बघत जाणं कुणाला सुचलं असेल, देव जाणे. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात फ्रॉइडनश्टाटपर्यंत ही गाडी चढते, ज्या चढावर एके काळी दातेरी रूळ लागत.

यश मिळालं आणि त्याचीच अडचण झाली. सगळ्या गावांच्या गाड्या शेवटी कायझरश्ट्रासे या एकाच बाजाररस्त्यावर येत. एकामागे एक लांबलचक पिवळ्या ट्रामा लागत, आणि रस्ता ओलांडायला माणसाला जागा मिळेना. दुकानदार आणि ग्राहक याला ‘पिवळी भिंत’ म्हणू लागले. बोगदा करावा का, हे नागरिकांना विचारलं. १९९६ मध्ये त्यांनी नाही म्हटलं. २००२ मध्ये बदललेल्या आराखड्याला हो म्हटलं. २०१० मध्ये खोदाई सुरू झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सात भुयारी स्टेशनांसह ट्राम जमिनीखाली गेली. सुरुवातीला अर्ध्या अब्ज युरोंच्या आसपास धरलेला खर्च दीड अब्जाच्या घरात पोचला. तीन किलोमीटरहून कमी नव्या रुळांत सुरू झालेल्या गोष्टीचा हा पुढचा अध्याय स्वस्ताईच्या गप्पा मारणाऱ्यांनी सहसा वगळलेला असतो. माझ्या मते बोगदा चूक नव्हता. पण कार्ल्सरूहचं कौतुक करायचं तर हे बिलही सोबत दाखवायला हवं.

नक्कल पुष्कळांनी केली. जर्मनीतलंच झारब्रुकन १९९७ मध्ये थेट सीमेपलीकडच्या फ्रेंच गावापर्यंत ट्राम घेऊन गेलं. त्स्विकाऊने उलटा मार्ग धरला: तिथे डिझेल रेल्वेगाडीच शहरात आणली, आणि ट्राम मीटर गेजची म्हणून एकाच रस्त्यात तीन रूळ टाकले. इंग्लंडमधल्या शेफील्डची कथा मात्र नियोजनाच्या वर्गात शिकवावी अशी आहे. रॉदरहॅमपर्यंतचं छोटंसं अंतर, जोडणीचा रूळ चारशे मीटरचा. तरीही रेल्वेमार्गाच्या कामाचा अंदाज सुमारे १.९ कोटी पौंडांवरून साडेसात कोटींवर गेला, गाडी वर्षानुवर्षं रखडली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी शहरातल्या रस्त्यावर तिची ट्रकशी टक्कर झाली. कार्ल्सरूहकडे मुळात एक गोष्ट होती जी नकाशात दिसत नाही: ट्राम आणि छोटी रेल्वे दोन्ही चालवणारी, तीसेक वर्षं हेच करत आलेली माणसं. शेफील्डला ती नव्याने तयार करावी लागली.

गाड्यांची किंमत हा सगळ्यांचाच दुखरा भाग. प्रत्येक शहराची खाच, वळणं, फलाट वेगळे. म्हणून प्रत्येकाची गाडी वेगळी, थोड्या संख्येत आणि महाग. यावर उपाय म्हणून जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या सहा संस्था एकत्र आल्या, कार्ल्सरूहच्या दोन्ही कंपन्या त्यात आहेत. सगळ्यांना चालेल असा एकच सांगाडा त्यांनी ठरवला आणि जानेवारी २०२२ मध्ये श्टाडलर कंपनीला मिळून ऑर्डर दिली: २४६ गाड्या पक्क्या, लागल्या तर ५०४ पर्यंत.