बोट थांबतं तेव्हा मेंदूत काय घडतं?

पडद्यावर एक शब्द उमटतो. तो मनातल्या मनात वाचायचा. अक्षरं सरळ असतील तर उजव्या तर्जनीनं बटण दाबायचं, तिरपी असतील तर बोट आवरायचं. काम एवढंच. पण शब्द एकसारखे नाहीत: काही सुखद, काही कोरडे, काही वर्मी लागणारे. आणि वाचणारा माणूस एमआरआय यंत्राच्या बोगद्यात उताणा पडलेला आहे.

न्यूयॉर्कमधल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड सिल्बर्सवाइग यांच्या गटानं हा प्रयोग 2007 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 16 जण बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचे रुग्ण होते, 14 जण निरोगी. या आजारात भावना क्षणात उसळतात आणि लवकर ओसरत नाहीत. जवळचं माणूस सोडून जाईल ही धास्ती मनात सतत घर करून असते. मग भरात काहीही होतं: तडकाफडकी तुटलेलं नातं, उधळलेला पैसा, बेफाम चालवलेली गाडी, स्वतःला केलेली इजा. नंतर पश्चात्तापही तितकाच खरा. अशा माणसात आवर घालणारी यंत्रणाच नसते, की असूनही ती ऐनवेळी दगा देते? बाहेरून बघून हे कळत नाही. म्हणून आत डोकावायचं.

आत डोकावण्याची ही युक्ती थक्क करणारी आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण तो शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो. ज्या भागाचं काम वाढतं तिकडे ताजं रक्त धाव घेतं, तेही गरजेपेक्षा जास्त. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन देऊन रिकामं झालेलं हिमोग्लोबिन चुंबकापुढे वेगवेगळं वागतं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. 1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत हा फरक एमआरआयनं टिपला आणि दोनच वर्षांत माणसाच्या मेंदूची अशी चित्रं आली. ना सुई, ना रंगद्रव्य, ना क्ष-किरण. आपल्याच रक्तातलं लोह साक्ष देतं, की आत्ता इथं काम चाललंय! चेतापेशींचे संदेश मिलिसेकंदांत धावतात, रक्ताची लाट मात्र शिगेला पोचायला पाचेक सेकंद घेते. त्या संथ लाटेवरून विजेच्या वेगानं घडलेल्या गोष्टीचा माग काढायचा असतो.

जर्मनीत साबीने हेर्पेर्ट्झ यांनी 2001 मध्ये बॉर्डरलाइनच्या सहा स्त्री-रुग्णांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली, तेव्हा धोक्याची चाहूल घेणारा अमिग्डाला हा भाग त्यांच्यात जास्त पेटलेला दिसला. सिल्बर्सवाइग यांनी पुढचा प्रश्न विचारला: वर्मी लागणारा शब्द समोर असताना बोट आवरायचं असेल तर? तेव्हा रुग्णांच्या कपाळामागचा, डोळ्यांच्या वरचा भाग मंदावला. भावनेला वेसण घालताना कामी येतो तोच हा भाग. आणि अमिग्डाला चढा राहिला.

राधानगरी धरण ज्यांनी पावसाळ्यात पाहिलंय, त्या कोल्हापूरकरांना हे चटकन उमगेल. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत: पाणी ठरलेल्या पातळीला भिडलं की दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. उघडलेला दरवाजा मोडलेला नसतो. या रुग्णांचंही तसंच असावं. शांत असताना, नुसत्या बटण दाबण्याच्या चाचणीत, त्यांच्यातले अनेक जण इतरांइतकेच नीट थांबतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. घात होतो तो भावनेचं पाणी चढल्यावर.

अर्थात, ही चित्रं म्हणजे कित्येक मेंदूंची सरासरी. एका माणसाचा स्कॅन काढून त्याला बॉर्डरलाइन आहे की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. निदान होतं ते मानसोपचारतज्ज्ञासमोर बसून, सगळी हकीकत नीट ऐकली गेल्यावर.

मग स्कॅनचा उपयोग काय? आपल्याकडे सर्रास म्हणतात, स्वभावाला औषध नाही. हे खरं नाही, हे स्कॅन दाखवू शकतो. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी या रुग्णांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती घडवली. लाट आली की ती ओळखायची, तिला नाव द्यायचं, कृती न करता ती सोसायची, याचा त्यात महिनोन् महिने सराव असतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, की वर्षभराच्या या उपचारानंतर रुग्णांचा अमिग्डाला आधीपेक्षा निवलेला होता. जर्मनीतल्या मानहाइममध्ये तर रुग्णांना स्वतःच्याच अमिग्डालाची हालचाल पडद्यावर तापमापकासारखी दाखवली गेली, आणि ती खाली आणायला ते शिकले. म्हणजे नुसत्या सरावानं, नुसत्या बोलण्यानं मेंदूतला रक्ताचा ओघ बदलतो!

घरात असं कुणी असेल तर त्याला नाटकी म्हणू नका. त्याचा झगडा खरा आहे, अशा अनेकांच्या सरासरी चित्रांत तो आता दिसतोही. आणि त्याला मदत आहे: टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन केला तर कुणीतरी ऐकून घेईल आणि पुढची वाट दाखवेल.