एकट्या झाडाला फळ नाही

काजू पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलमधून गोव्यात आला आणि कोकणचाच होऊन गेला. ज्या झाडाच्या बियांना जग 'ब्राझील नट' म्हणतं, ते मात्र असं कुठं रुजलं नाही. बाजारात येणारं त्याचं जवळजवळ सगळं पीक आजही ॲमेझॉनच्या रानातून वेचूनच येतं. निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट आणि बोंप्लाँ यांच्या ग्रंथात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची शास्त्रीय नोंद झाली.

मी या झाडात गुंतले ती त्याच्या फुलापाशी. पिवळसर फुलावर जाड झाकण घट्ट मिटलेलं असतं. किरकोळ माशीला ते उचलत नाही. अंगात ताकद असलेला दांडगा भुंगाच ते रेटून आत शिरतो. परागीभवनानंतर फळ पिकायला सव्वा वर्षाच्या आसपास लागतं. मग पावसाळ्यात चाळीस-पन्नास मीटर उंच झाडावरून नारळाएवढं, कधी दोन किलोचं फळ दाणकन खाली येतं. डोक्यात बसलं तर माणूस जागीच जातो. म्हणून वेचणारे, ज्यांना तिकडे 'कास्तान्येरो' म्हणतात, बरीचशी फळं पडून गेल्यावरच रानात शिरतात आणि वारा सुटला की झाडाखाली थांबत नाहीत. फळं गोळा करायची, बाजूला बसून कोयत्याच्या घावांनी कवच फोडायचं, आतल्या दहा ते पंचवीस बिया काढायच्या, पोतं पाठीवर घ्यायचं. माणसाखेरीज हे कवच फोडणारा मुख्य प्राणी म्हणजे अगूटी, सशाएवढा कुरतडणारा जीव. खाऊन उरलेल्या बिया तो पुरून ठेवतो. विसरलेल्यातून नवी झाडं उगवतात.

ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्यानं बंदी आहे. पण भोवतालचं रान जाळून कुरणं केली जातात आणि मधोमध हे झाड तेवढं उभं ठेवतात. तिथं भुंगे फिरकत नाहीत, फळ क्वचित धरतं, आणि चुकून बी पडलंच तर ते पुरणारा अगूटी नसतो. कायद्यानं खोड वाचवलं, झाडाचा वंश वाचवला नाही, असं मला वाटतं. जिथं पिढ्यान्‌पिढ्या फार वेचणी झाली तिथं कोवळी झाडंच दिसत नाहीत, असं संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं. त्यात ॲमेझॉनमधल्या २०१५-१६ च्या दुष्काळानंतर २०१७ चं पीक कोसळलं.

ब्राझीलच्या आक्रे राज्यातल्या शापुरीचे रबर-कामगार नेते शिको मेंडिस रबर आणि या बिया वेचत उभ्या रानावर पोट भरण्याच्या हक्कासाठी लढले. डिसेंबर १९८८ मध्ये त्यांचा खून झाला. १९९० मध्ये त्यांच्या नावानं राखीव क्षेत्र झालं. तिथंही आता गुरांसाठी रान तुटतं आहे, कारण बिया हंगामात एकदाच विकल्या जातात आणि गाय अडीअडचणीला केव्हाही विकता येते.